एका भरतीपुरती उघाडी

मिठागराचा वाफा आधी पायांनी घडवावा लागतो, पाणी मागाहून येतं. पावसाळाभर खाडीखाली लोळलेला चिखल दिवाळीनंतर वर येतो. मग नवेखारच्या बायका साड्या खोचून त्यात उतरतात आणि ओळीनं उभ्या राहून टाचेनं तो ठोकत जातात. आठ दिवस, कधी दहा. शेवटी तळ इतका घट्ट व्हावा लागतो, की त्यावर तांब्या पडला तर खणकन वाजला पाहिजे. तळ कच्चा राहिला तर मीठ आणि माती एकमेकांच्या गळ्यात पडतात, आणि मग त्यांना सोडवणारा कुणी नाही. मीठ ओढायला आता यंत्र होतं, पाणी चढवायला उन्हावर चालणारे पंप होते. तळ ठोकायलाही एकदा यंत्र आणलं होतं. त्यानं अर्ध्या दिवसात तीन वाफे फोडले. गमबुटांचंही तेच. बुटाची कड रुतते, फट पडते आणि पाणी खाली झिरपून जातं. म्हणून सन दोन हजार त्रेचाळीस उजाडलं तरी नवेखारचा तळ बायकांच्या उघड्या टाचांनीच घडत होता.

हर्षाली मोकल मात्र चार वर्षं बांधावर बसून होती.

बायकांच्या मीठ-संस्थेची ती प्रमुख. कुठल्या वाफ्यात पाणी किती मुरलं ते काचेच्या नळीनं मोजायचं आणि उघाडी कधी उचलायची ते सांगायचं, हे तिचं काम. उघाडी म्हणजे बांधात बसवलेलं लाकडी दार. भरतीला ते उचललं की खाडी आत येते. टाकलं की आत आलेलं पाणी आतच. चौतीस वर्षांची बाई, अंगानं दणकट, आवाज तर या बांधावरून त्या बांधावर जाणारा. पण डाव्या मनगटात निळी कडी. निळी कडी दिसली की लोक विळी उचलून आत ठेवत, सुई खोचून टाकत. न्हावी निळ्या कडीवाल्याच्या गालाला वस्तरा लावत नसे. हर्षालीला कुणी साधी कैरी चिरू देत नव्हतं.

कडीचं कारण तिच्या ओटीपोटात उजवीकडे होतं. तिशीतच तिच्या दोन्ही किडन्या गेल्या, तेव्हा द्वारकानं आपली एक दिली.

द्वारका तिची आई, रक्ताची नव्हे. जन्म देणारी गेली तेव्हा हर्षाली सहा वर्षांची होती. वर्षभरानं बापानं, बुधाजी मोकलानं, द्वारकाला घरात आणलं. पोर दारामागं उभी राहून म्हणाली, "तू कोन?" द्वारकानं कमरेची फणी काढली. "मी द्वारका. डोकी विंचरायची काय?" एवढाच काय तो विधी झाला. पुढं बुधाजीही गेला, दोघी उरल्या, आणि या दोघींचं रक्त वेगळं आहे हे गाव कधीच विसरून गेलं.

रक्त मात्र विसरत नाही. अंगाची राखण करणाऱ्या पांढऱ्या पेशींना माया कळत नाही. परकं दिसलं की त्या चालून जातात. पूर्वी अशा वेळी ही सगळी फौजच दुबळी करणारी औषधं देत, आणि मग साधा तापही माणसाला जड जाई. नव्या गोळीनं फौज जिवंत ठेवली, तिचं चालणं तेवढं थांबवलं. गावात तिला दारबंद गोळी म्हणत. ती आल्यापासून अवयव द्यायला रक्त जुळावं लागेना. वहिनीनं नणंदेला दिलं, शेजारणीनं शेजारणीला दिलं. पलीकडच्या तीरावर एका सासूनं जावयाला आपल्या यकृताचा तुकडा दिला, आणि तेव्हापासून रोज जेवताना ती त्याला तो ऐकवते, असं म्हणत.

द्वारकानं कधी काही ऐकवलं नाही. तपासणीचे कागद आले तरी कधी विचारलं नाही, की माझी ती कशी आहे. जणू दारात आलेल्याला मूठभर मीठ दिलं आणि दार लावून घेतलं.

*

त्या वर्षी माणसं कमी पडली. दोघी लेकींच्या बाळंतपणाला गेल्या, एक तापानं झोपली, आणि शेवटचा वाफा ठोकायचा राहिला. दोन दिवसांवर पुनवेचं उधाण. तळ आवळला नाही तर उधाणाचं पाणी घेता येणार नव्हतं. हर्षाली बांधावरून बघत होती. खाली बायका टाचा टाकत गात होत्या,

*टाच टाक गो साजनी, चिखलाचा होई दगड,*
*खाडीच्या पाव्हन्याला दार थोडं उघड.*

*पाव्हना आला गो खारा, पानी त्याच्या पाठी,*
*बस म्हनावं घडीभर, मंग लाव गो ताटी.*

तिच्या टाचा चपलेत आपोआप हलू लागल्या. चार वर्षं. एक दुपार उतरलं तर काय होतं? तिनं चपला काढल्या, कडी साडीच्या टोकात गुंडाळली आणि ती ओळीत जाऊन उभी राहिली. चिखल गार होता. बोटांतून वर आला, तेव्हा तिला हसू आलं, उगीचच.

शेवटच्या कोपऱ्यात कालवाचं फुटकं शिंपलं होतं. टाच पडली आणि ते बोटभर आत गेलं.

नवेखारला पाय कापला की कुणी इस्पितळात जात नाही. कडेच्या वाफ्यात मुरलेला खार असतो, समुद्राहून दहापट खारट. त्यात पाय धरायचा. आग मस्तकात जाते, डोळ्यांना पाणी येतं, पण तोंडानं गाण्याची चार कडवी म्हणेपर्यंत पाय काढायचा नाही. आजीनं हेच केलं, पणजीनं हेच केलं, आणि त्यांच्या टाचा मरेपर्यंत दगडासारख्या होत्या. हर्षालीनं दात आवळून चार कडवी म्हटली, आणि वर एक जास्त म्हटलं, कारण ती निळ्या कडीवाली.

चौथ्या दिवशी द्वारकानं तिची चाल बघितली.

"पायाला काय झालंय?"

"काय नाय."

"काय नाय तर बदकावानी कशाला चालतंस? दाखव."

टाच पांढरीफटक होती. ना लाली, ना सूज, ना पू. मधोमध एक स्वच्छ, कोरडी चीर.

द्वारकानं कपाळाला हात लावला. "बाय माझे! उतरलीस तू चिखलात! डोका हाय का खोका?" मग तिनं चीर उजेडाकडे धरून बघितली आणि तिचा आवाज जरा खाली आला. "खारात धरलास?"

"धरला."

"म्हनून पू नाय. साफ हाय जखम. तरी आनखी दोन दिस धरू. मंग डॉक्टरीनबाईला सांगू. नायतर ती आपल्याला दोघींना फासावर देल."

पू नाही म्हणजे जखम चांगली, हे दोघींनी जन्मभर ऐकलेलं होतं. ताप चढला तर कडी आपोआप इस्पितळाला कळवते. कडी गप्प होती. म्हणून दोघींनी सकाळ-संध्याकाळ घमेल्यात मुरलेला खार आणून पाय त्यात धरला. द्वारका समोर बसायची, लेकीचा घोटा दाबून धरायची आणि आग विसरावी म्हणून गावातल्या सगळ्यांच्या नकला करून दाखवायची.

सातव्या दिवशी टाच काळी पडली.

*

डॉक्टर शमा मुकादम खाडीपलीकडच्याच. चार वर्षांपूर्वी किडनी बसवताना त्याच होत्या. इस्पितळात त्यांनी पाय सगळीकडून बघितला. मग हर्षालीच्या रक्ताचा थेंब घेऊन एका छोट्या यंत्रात ठेवला आणि भिंतीवरचा पडदा लावला.

पडद्यावर करड्या पाण्यात पांढरे गोळे होते. एका बाजूला जंतू सोडले होते. गोळे त्या बाजूला थरथरले. नुसतेच थरथरले. जागचा एकही हलला नाही.

"ही तुमची फौज," डॉक्टर म्हणाल्या. "हाक ऐकू आलीय तिला. चालता येत नाहीये."

"गोळीमुळं?"

"गोळीमुळं. पांढऱ्या पेशीला पाय नसतात, हर्षाली. जखमेतून काही रसायनं झिरपतात, तीच तिची हाक. ज्या अंगानं हाक येते, त्या अंगाची तिची बारीक दारं उघडतात आणि त्यांतून मिठाचे कण आत शिरतात. आपण खातो त्याच मिठातले. आणि एकदा का मीठ आत गेलं, की—"

"पानी त्याच्या पाठी," द्वारका म्हणाली.

डॉक्टर थांबल्या. "हे तुम्हाला कुणी सांगितलं, काकी?"

"त्यात सांगायचं काय? मीठ जाल तिकडं पानी जाल. पावसात उघड्यावरची मिठाची गोन बघा, कशी रडते."

"बरोबर. तर पाणी आत आलं की पेशी हाकेच्या बाजूनं फुगते आणि तेवढी पुढं सरते. मागच्या अंगानं मीठ-पाणी बाहेर सोडते आणि मागून आक्रसते. पुढं फुगायचं, मागं आटायचं. असं करत केसाहून बारीक फटींतून ती वाट काढते. सगळं चालणं पाण्यावर आहे. तुमची गोळी पुढचं दार लावून ठेवते. म्हणून फौज किडनीवर जात नाही."

"आन् पायावर पन नाय," हर्षाली हळूच म्हणाली.

"थोड्या पेशी तरीही पोचतात. रखडत, एकेक. त्यांच्या जिवावरच निळ्या कडीवाले जगतात. कितीदा धरलात पाय खारात?"

हर्षालीनं सांगितलं.

"जखमेभोवती इतकं मीठ असलं तर पाणी कुणीकडे जाईल?"

उत्तर द्यायची गरज नव्हती. त्या खोलीत ते दोघींइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. द्वारका पायाकडे बघत होती.

"सुकट," ती म्हणाली. "सुकट झाली त्यांची. मी केली."

"आये, पयल्यांदा मीच धरला."

"घोटा कुनी दाबून धरला?"

डॉक्टरांनी खुर्ची जवळ ओढली. "कुणी केलं ते राहू दे. ताप नाही, पू नाही, कारण लढायला कुणी पोचलंच नाही. जंतू खाडीच्या चिखलातले, चिवट आहेत. औषध त्यांना थोपवतंय, पण संपवायला फौजच लागेल. दोन वाटा आहेत. एक, पाय घोट्याच्या वर कापायचा. किडनी सुरक्षित राहील. दुसरी, मी एक सुई देते. तिनं गोळीचा जोर सहा तासांसाठी उतरतो. दारं उघडतात. पायाला एक पट्टी लावते, तिच्यातून सूक्ष्म वीज सुटते आणि जखमेची हाक दसपट मोठी होते. बहुतेक फौज तिकडं जाईल."

"बहुतेक," हर्षाली म्हणाली.

"थोडी किडनीकडेही जाईल. तिघांमधल्या एकाची किडनी अशानं गेलीय. उरलेल्या दोघांची थोडी दुखावून सावरली. उद्या सकाळपर्यंत सांगा. त्याच्यापुढं पाय थांबणार नाही."

"कापा," हर्षाली म्हणाली. डॉक्टर उठायच्या आतच.

"उघडा," द्वारका म्हणाली.

डॉक्टरांनी एकीकडे बघितलं, दुसरीकडे बघितलं. "उद्या सकाळी," त्या म्हणाल्या आणि गेल्या.

*

खिडकीबाहेर ऊन उतरत होतं.

"आजकाल पाय चांगले मिलतात," हर्षाली म्हणाली. "शेवंताच्या दीराला बसवलाय ना. मोटार चालवतो."

"मोटार चालवतो. तल ठोकतो काय?"

"मी तरी कुठं ठोकतंय? चार वर्षं बांधावर बसतंय."

"आन् चार वर्षांनी एक दिस उतरलीस, तवा तोंड कसं झालं होतं तुझं? ओळीतली कमल सांगत होती. म्हनाली, हर्षू हसत होती, एकलीच." द्वारकानं पदरानं नाक पुसलं. "त्या हसन्यापायी हे झालं. मंग तेच कापून टाकायचं?"

"आये, ती तुझी हाय. तुझ्या पोटातनं काढून दिलीस. माझ्या एका चुकीपायी मी ती घालवू? उद्या तुना काय सांगू?"

द्वारका खाटेवरून उठली. कमरेवर हात ठेवून समोर उभी राहिली. बुधाजी दारू पिऊन आला की ती अशी उभी राहायची.

"आयक. लग्नात कुनाचा दागिना मागून घातला ना, तर बाई नाचत नाय. हात सारखा गळ्याशी. तुटला तर? पडला तर? वरात निंगून जाते, हिचा हात गळ्याशीच. तशी झालीस तू. पानी मापून पितंस. हसतंस ती पोटावर हात ठेवून. चौलचा तो मास्तर विचारायला आला, भला मानूस, त्याला नाय म्हनालीस. का? तर पोर राहिलं तर किडनीला ताप व्हईल. कुनाच्या? आयेच्या! आयेच्या किडनीला!" तिचा आवाज चढला, आणि शेजारच्या खाटेवरची म्हातारी उठून बसली. "मी तुना दागिना मागून दिला काय गो? मी दिला. दिला म्हंजे दिला. गेला तर तुझा गेला, माझं काय जानार नाय."

"गेली तर पुन्हा रक्त धुवायच्या यंत्रावर जावं लागल. आठवड्याला तीनदा."

"जाऊ. डबा बांधून देन."

"आन् मेले तर?"

द्वारका खाली बसली, लेकीचं काळं पडत चाललेलं पाऊल तिनं मांडीवर घेतलं.

"तुझं अंग हाय, बाय," ती म्हणाली. "कापायचं तर काप, मी वायट वाटून घेनार नाय. पन माझ्यापायी कापू नको. ते मना सोसनार नाय."

हर्षालीनं ओटीपोटावर हात ठेवला. चार वर्षं हात तिथं ठेवला की तिला आतून कुणीतरी परकं, मोठं, मानाचं माणूस बसल्यासारखं वाटायचं. पाट मांडून बसवलेलं, ज्याच्यासमोर आवाज चढवायचा नाही. आता तिनं पहिल्यांदा नीट विचार केला. पाय आपला. भीती आपली. चिखलातलं हसूही आपलं होतं. मग या एकाच गोष्टीला आपण अजून दारात का उभं केलंय?

सकाळी डॉक्टर आल्या तेव्हा तिनं विचारलं, "सहा तास म्हंजे एक भरती?"

"साधारण."

"मंग एका भरतीपुरती उघाडी उचला," ती म्हणाली. "जाल तर माझी जाल."

*

सुई साडेआठला दिली. पट्टी टाचेला चिकटली. बघायला गेलं तर केळ्याच्या सालीएवढी, आणि तिच्यावर एक हिरवा ठिपका लुकलुकत होता. पहिला तास काहीच झालं नाही. द्वारका पायाशी बसून होती. डॉक्टर मधूनमधून थेंबभर रक्त नेत.

दुसऱ्या तासाला डॉक्टरांनी पडदा लावला.

"बघा."

पांढऱ्या गोळ्यांची एक कड हळूच पुढं फुगली, पावसात भिजलेल्या पापडासारखी. मग मागची कड आत ओढली गेली. पुन्हा पुढची फुगली. एक सरकला, त्याच्या मागं दुसरा, मग ओळीच्या ओळी. कुणी ढकलत नव्हतं, कुणी हाकत नव्हतं. मीठ आत, पाणी आत, एक पाऊल पुढं. मीठ बाहेर, पाणी बाहेर, मागचं अंग गोळा. द्वारका तोंड उघडं टाकून बघत राहिली.

"अग्गो," ती म्हणाली, "या तर आपल्या बायका."

तिसऱ्या तासाला कळ आली. सात दिवस मेलेल्या टाचेत आधी मुंग्या आल्या, मग ठणका, मग अशी आग की हर्षालीनं खाटेची कड धरली. टाच लाल झाली, तापली, फुगली.

"दुखतंय ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"दुखतंय काय! मरतंय!"

"छान," डॉक्टर म्हणाल्या. "पोचल्या सगळ्या."

हर्षालीला रडताना हसू फुटलं. द्वारकानं तिचं डोकं छातीशी घेतलं आणि गाऊ लागली, तेच तळ ठोकायचं गाणं, बारीक आवाजात, पाळण्यासारखं. शेजारची म्हातारी म्हणाली, मोठ्यानं म्हण गो, मना पन आयकू दे. मग द्वारका मोठ्यानं गायली. घडीभर बस म्हणावं खाऱ्या पाहुण्याला, मग ताटी लाव. नर्सबाई दारात येऊन उभी राहिली. तिनं गप्प करायला हवं होतं; केलं नाही.

अडीच वाजता डॉक्टरांनी दुसरी सुई दिली, आणि दारं पुन्हा लागली.

*

तिसऱ्या दिवशी टाचेतून पू आला. पिवळा, दाट, घाण वासाचा. द्वारकाला इतका आनंद झालेला कुणी कधी बघितला नव्हता. तिनं गावाकडे फोन लावला. "पू झाला गो कमल! मोप झाला! वाटीभर!" जेवायला बसलेल्या माणसांनी तोंडं वळवली, तिला त्याचं काही नव्हतं. डॉक्टरांनी काळी कातडी खरवडून काढली, खाली गुलाबी मांस होतं. पाय राहिला.

पण लघवी थांबली होती.

पहिल्या दिवशी थोडी झाली, मग थेंब थेंब, मग काहीच नाही. रक्तात साचणाऱ्या घाणीचा आकडा चढत गेला. चौथ्या दिवशी हर्षालीला पुन्हा यंत्राला जोडलं. हातातून रक्त जाताना आणि येताना ती बघत राहिली. आश्चर्य म्हणजे तिला वाटत होतं तेवढं वाईट वाटलं नाही. दुखत होतं, भीती होती. पण कुणाचं तरी काहीतरी हरवल्याची ती जुनी शरम नव्हती. आपल्याच घरात आजारी पडलेल्या माणसाजवळ बसावं, तसं ती पोटावर हात ठेवून बसायची. ऊठ गो, म्हणायची. पुरे आता.

द्वारका रोज सकाळी एकच विचारायची, "पाय कसा हाय?" डॉक्टर आकडा सांगू लागल्या की ती उठून पाण्याची बाटली भरायला जायची. आकड्याचं नाव काढत नव्हती. एकदा हर्षालीला वाटलं, हिला खरंच काही वाटत नाही. दिलं ते दिलं. मोठ्या मनाची माणसं अशीच असतात. आणि त्या विचारानं तिला थोडं एकटंही वाटलं.

सहाव्या दिवशी उन्हं वर आल्यावर हर्षाली काठी टेकत संडासात गेली. बाहेर आली तेव्हा मापाच्या डब्यात दोन बोटं पिवळं पाणी होतं. तिला खरं वाटेना. तिनं डबा खिडकीत ठेवला आणि काठी टेकत नर्सबाईला बोलवायला गेली. नर्सबाई जाग्यावर नव्हती. परत आली तर खिडकीत डबा नव्हता.

खाटेवर द्वारका नव्हती.

जिन्याच्या पहिल्या पायरीवर द्वारका बसली होती. डबा दोन्ही हातांत, मांडीवर, झाकणासकट. पदराचा बोळा तोंडात कोंबलेला, आणि सगळं अंग गदगदत होतं. आवाज नव्हता. बुधाजी गेला तेव्हाही ही बाई अशी रडली नव्हती.

हर्षाली दाराला टेकून उभी राहिली. मग काठी वाजली आणि द्वारकानं मान वळवली.

"आये, रडतंस काय?"

"रडू कशाला? खारं वारं हाय. डोल्यांना लागतं."

"पाचव्या माल्यावर? काचा बंद करून?"

"खाडी काय लांब हाय?" तिनं नाक ओढलं आणि डबा पदराखाली घेतला.

"दे तो. नर्सबाईला मोजायचाय."

"मोजला मी. ऐंशी. ऐंशीच्या वर जरा. ती कमी लिवंल, तिचे डोले कच्चे."

हर्षाली जिन्याचा कठडा धरून हळूहळू तिच्या शेजारी बसली. टाच ठणकत होती.

"चार वर्षांत कदी एकदा विचारलं नायस," ती म्हणाली. "कशी हाय म्हनून."

द्वारकानं डोळे पुसले, डब्याचं झाकण घट्ट आहे की नाही ते चाचपून बघितलं.

"विचारलं असतं तर तू आनखी जपली असतीस," ती म्हणाली.